गावातल्या दफनभूमीची सातबाऱ्यावर नोंद: अर्ज कुणी करायचा, कागद कोणते

लिंगायत, गोसावी, नाथपंथी, मुस्लिम, ख्रिस्ती अशी माती देणारी घरं बहुतेक गावांत आहेत. तान्हं लेकरू गेलं तर इतर समाजही पुरतातच. जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते, नोंद मात्र नसते. मग शेजारचा बांध दरवर्षी हातभर सरकतो, रान विकलं जातं, नवा मालक वाटेवर काट्या टाकतो आणि मयत दारात असताना सातबारा शोधायची वेळ येते. म्हणून हा अर्ज आजच करा.

आधार आहे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २२. कुणाच्याही कायदेशीर ताब्यात नसलेली सरकारी जमीन जिल्हाधिकारी दफनभूमीसाठी राखून ठेवू शकतात. त्यानंतर त्यांच्या मंजुरीवाचून ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. खासगी रानाला हे कलम लागू नाही. तिथे ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा खरेदीखत करून घ्या.

आधी जागा नक्की कुणाची ते पाहा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. सरकारी मोकळ्या जमिनींसाठी तलाठ्याकडचा गाव नमुना १-ब बघा, विदर्भात निस्तारपत्रकही (गावाच्या सामायिक वापराच्या जमिनींची नोंद). गायरान असेल तर जपून. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असं सांगणाऱ्या २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर गायरानाची प्रकरणं फार काटेकोर तपासली जातात. दुसरी जागा का नाही, हे लेखी द्या.

अर्ज ग्रामपंचायतीनं करावा. समाजानं तिच्याकडे सह्यांचं निवेदन द्यावं. खरं काम ग्रामसभेच्या ठरावाचं. ‘दफनभूमीस जागा मिळावी’ एवढ्यानं भागत नाही. गट क्रमांक, गुंठ्यांत क्षेत्र, चतुःसीमा, जाण्यायेण्याची वाट आणि सूचक-अनुमोदकांची नावं ठरावातच हवीत. सोबत सातबारा, गट नकाशा, आजवर तिथं दफन होत असल्याचे गावकऱ्यांचे जबाब आणि आधीच्या थडग्यांचे फोटो जोडा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, पण द्यायचा तहसील कार्यालयात. पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. पुढे स्थळपाहणी, पंचनामा आणि भूमी अभिलेखची मोजणी होते.

पाहणीला कुणीतरी जाणतं माणूस हजर ठेवाच, कारण जमिनीचा पोत कागदावर दिसत नाही. भर श्रावणात काळ्या रानात घेतलेला खड्डा मी पाहिलाय. कमरेइतकं खणलं आणि तळातून पाणी झरू लागलं. पोरं बादलीनं उपसत होती, माऊली बाजूला तशीच, आणि तिचा लेक कुणाकडेच बघत नव्हता. मुरमाड, उंचवट्याची, विहिरी-ओढ्यापासून लांबची जागा मागा. लिंगायतांत मयत बसवून पुरतात, खड्डा खोल लागतो. तेही अधिकाऱ्यांना सांगा.

आदेश निघाला की फेरफार झाला का ते पाहून नवा सातबारा काढा. कुंपण, पोहोच रस्ता, पाण्याची सोय यांसाठी जनसुविधा योजनेतून निधी मागता येतो. त्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीकडून पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो.