मायलॉइड सार्कोमा

मायलॉइड सार्कोमा म्हणजे अस्थिमज्जेबाहेर साठलेल्या कच्च्या मायलॉइड पेशींची (मज्जेत तयार होणाऱ्या एका प्रकारच्या रक्तपेशींची) गाठ. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (एएमएल, एक रक्ताचा कर्करोग), मायलोडिस्प्लाझिया, मायलोफायब्रोसिस अशा मज्जाविकारांत ती क्वचित उद्भवते. कधी मज्जा निर्दोष असताना आधी गाठच येते. त्वचा, हाडे, लसिका ग्रंथी, आतडी या तिच्या जागा. लहान मुलांत डोळ्याची खोबणही. 1811 मध्ये अ‍ॅलन बर्न्स यांनी तिचे वर्णन केले. कापल्यावर दिसणाऱ्या हिरवट रंगावरून 1853 मध्ये ‘क्लोरोमा’ हे नाव आले. हा रंग मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा (एन्झाइमचा). तो प्रत्येक गाठीत दिसत नाही.

फसगत होते ती निदानात. पेशी नेहमीच्या पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर ही गाठ लिम्फोमासारखी (लसिका पेशींच्या कर्करोगासारखी) दिसते. लिम्फोमाची केमो चालू होते, काही आठवडे हातचे जातात आणि मग रक्तात ब्लास्ट (ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी) दिसतात. म्हणून पेशींच्या ओळखखुणांपैकी सीडी3, सीडी20 (लिम्फोमाच्या खुणा) निगेटिव्ह आणि सीडी43 पॉझिटिव्ह आले की मायलोपेरॉक्सिडेज, लायसोझाइम, सीडी68, सीडी117, सीडी34 या मायलॉइड व कच्च्या पेशींच्या खुणा तपासल्याशिवाय रिपोर्ट देऊ नये.

सुरगाणा, पेठ, कळवणकडचा पेशंट गाठ दाखवायला नाशिकला येतो तो बहुधा सर्जनकडे किंवा नेत्रतज्ज्ञाकडे. मज्जेच्या आजाराची फाइल घरीच राहते. ती मागवावी आणि तपासणीच्या फॉर्मवर जुने निदान, ताजा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), चालू औषधे लिहावीत. पॅथॉलॉजिस्टला योग्य दिशा त्यातूनच मिळते. प्लेटलेट कमी असतील तर तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेण्याआधी त्या चढवाव्या लागतात. तुकडा त्याच्या दहापट 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये बुडवावा. फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या जिवंत पेशींच्या खुणा यंत्राने मोजण्यासाठी) वेगळा ताजा भाग लागतो. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला की निकामी, आणि मुंबईला पाठवताना गोठला तरीही निकामी. हाडातला नमुना ईडीटीएने (कॅल्शियम काढणाऱ्या सौम्य रसायनाने) मऊ करावा. तीव्र आम्लाने डीएनए तुटतो, मग एनपीएम1, एफएलटी3 या जनुकांच्या चाचण्या अडतात. सोबत मज्जेचीही तपासणी हवीच.

मज्जा निर्दोष असली तरी उपचार एएमएलचेच: सोसेल त्याला सायटाराबिन 7 दिवस, डॉनोरुबिसिन 3 दिवस, पुढे निवडक रुग्णांत दात्याच्या मज्जेचे प्रत्यारोपण. नुसती गाठ काढून थांबले तर बहुतेकांत काही महिन्यांत एएमएल उघड होतो. मणक्यात गाठ दाबून पाय लुळे पडत असतील तर तातडीने रेडिएशन लागते. केमोनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेवढे दिवस गावी न जाता नाशिकमध्येच राहावे, आणि 100.4 फॅरनहाइट ताप आला की रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठावा.