कामांची यादी कोणी केली?

अंध मुलांच्या शाळेत वेताच्या खुर्च्या विणायला शिकवायचे. लाकडी चौकटीला कडेनं भोकं असतात. भिजवून मऊ केलेली वेताची पट्टी त्यांतून आधी उभी, मग आडवी, मग तिरपी ओवायची. बोटांना भोकं मोजता आली की डोळ्यांवाचून काही अडत नाही. सरकारी कचेऱ्यांत अशा खुर्च्या भरपूर होत्या, म्हणजे कामही होतं. यात चूक काय? चूक एवढीच, की मुलाला काय आवडतं, काय झेपतं हे विचारण्याआधीच त्याचं काम ठरलेलं असे आणि शिक्षण त्या मापानं बेतलं जाई. दिव्यांगांच्या शिक्षण-रोजगारावरच्या संशोधनानंही ही सवय बराच काळ सोडली नाही.

मुंबई या इतिहासात सुरुवातीपासून आहे. माझगावात १८८५ मध्ये मूकबधिर मुलांची शाळा निघाली, दादरला १९०० मध्ये आणि ताडदेवला १९०२ मध्ये अंधांच्या. शिकवणाऱ्या बहुतेक मिशनरी किंवा धर्मादाय संस्था, त्यामुळे सगळा हिशेब दयेचा. सगळ्या भारतीय भाषांना चालेल अशी एकच ‘भारती ब्रेल’, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी, यायला १९५१ उजाडलं. तोवर ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालत होत्या. एका शाळेतलं पुस्तक दुसरीतल्या मुलाला वाचता येईलच असं नव्हतं. पुढच्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय अंधजन मंडळ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘नॅब’, स्थापन झालं. अपंगांसाठीचं देशातलं पहिलं विशेष सेवायोजन कार्यालयही १९५९ मध्ये मुंबईतच उघडलं.

मोजणीची गोष्ट मात्र गमतीची आहे. १८७२ ते १९३१ च्या जनगणनांमध्ये अपंगत्वाचा रकाना होता. १९४१ पासून तो गेला. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, म्हणून तो परत आला, पण विचारलं काय, तर घरात पूर्ण अंध, पूर्ण पांगळं, पूर्ण मुकं कुणी आहे का? आकडा निघाला सुमारे ११ लाख. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं व्याख्या थोडी मोकळी ठेवली आणि तिथे निघाले सुमारे १ कोटी २० लाख. देश तोच, वर्षही तेच. १९९१ च्या जनगणनेत रकाना पुन्हा गायब. माणसं किती हेच ठरेना, तिथे त्यांतली शिकली किती आणि कामाला लागली किती, हे कुठून कळणार?

अपंगांना सरकारी नोकरीत आरक्षण आलं १९७७ मध्ये, ३ टक्के, पण तेही फक्त तृतीय आणि चतुर्थ श्रेणीत. साहेबाच्या खुर्चीचा विचारच नव्हता. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यानं वरच्या श्रेणी खुल्या केल्या, पण एक पाचर मारून: आरक्षण ‘योग्य ठरवलेल्या’ पदांवरच. म्हणजे पुन्हा यादी. नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या रवि प्रकाश गुप्ता या अंध उमेदवाराला, यादीच उशिरा झाली या सबबीवर जागा मिळेना. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ती सबब फेटाळली. २०१३ मध्ये न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं, की टक्केवारी संवर्गातल्या, म्हणजे त्या सेवेच्या गटातल्या, एकूण पदांवर काढायची, निवडक पदांवर नव्हे. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा दिल्या.

दरम्यान यादीतली कामंच आटत गेली. वेताची खुर्ची जाऊन प्लास्टिकची आली. टेलिफोन ऑपरेटरची जागा ईपीएबीएक्सनं, म्हणजे फोन आपोआप जोडणाऱ्या यंत्रानं, खाल्ली. एसटीडी-पीसीओचा पिवळा बूथ मोबाइलनं संपवला. जागतिक बँकेच्या २००७ च्या अहवालात दिव्यांगांच्या रोजगाराचं प्रमाण १९९१ मधल्या ४२.७ टक्क्यांवरून २००२ मध्ये ३७.६ वर घसरलेलं दिसतं. मधे १९९५ चा कायदा होऊन गेला होता, हे लक्षात घ्या.

त्यानंतरचं मोठं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण २०१८ चं. त्यात १५ वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी माध्यमिक किंवा त्यापुढे शिकलेले १९.३ टक्के, कामात असलेले २२.८ टक्के आणि बेरोजगारी अवघी ४.२ टक्के! शेवटचा आकडा बघून कुणी खूश झालं तर नवल नाही. पण बेरोजगार म्हणजे काम शोधणारा किंवा मिळालं तर करायला तयार असलेला. ज्यानं शोधणंच सोडलं, आशाही सोडली, त्याची गणना तिथे होत नाही, आणि या सर्वेक्षणात श्रमबळाबाहेर, म्हणजे कामातही नाहीत आणि शोधातही नाहीत असे, राहिलेले ७६ टक्क्यांहून अधिक आहेत.