शेतमालाचे लॅटिन नाव

पिकाच्या जातीला वनस्पतिशास्त्रात मिळालेले दोन शब्दांचे नाव. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. ही पद्धत कार्ल लिनिअसने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी रूढ केली. मराठवाड्यात वाणालाही ‘जात’च म्हणतात (‘यंदा कोणती जात पेरली?’), आणि नाव ठरवतानाचा घोटाळा बहुधा इथूनच सुरू होतो.

जुनी नावे पीक निरखून ठेवलेली आहेत. करडईचे नाव कार्थॅमस टिंक्टोरियस. यातला पहिला शब्द अरबी ‘कुर्तुम’वरून आला, दुसऱ्याचा अर्थ रंगाऱ्यांची. आपल्या रब्बीत करडई घेतात ती तेलासाठी; पाकळ्यांपासून रंग काढण्याचे जुने काम नावात तेवढे टिकले आहे. हरभऱ्याच्या सायसर एरिएटिनममधला दुसरा शब्द मेंढ्यावरून आहे. दाण्याची वळलेली चोच पाहिली की नाव किती नेमके आहे ते कळते. तुरीचे नाव कजानस कजान. वनस्पतींत दोन्ही शब्द हुबेहूब एकच असलेले चालत नाहीत. तुरीच्या नावात फरक आहे तो शेवटच्या एका ‘अस’चा.

नवे वाण काढणाऱ्याला मात्र लॅटिन नाव निवडता येत नाही. लागवडीखालील वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामसंहितेनुसार १ जानेवारी १९५९ पासून नव्या वाणाचे नाव लॅटिन रूपात ठेवण्यास मनाई आहे. ते बोलीतल्या शब्दांत, एकेरी अवतरणात लिहायचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीचा त्याच वंशातल्या मॅनिहॉट या जातीशी संकर करून केवडा रोगाला (यात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात) त्या वेळी दाद न देणारे वाण काढले. त्याचे पूर्ण नाव अबेलमॉस्कस एस्क्युलेंटस ‘परभणी क्रांती’. परभणीचे नाव असे जगभरच्या संशोधनात गेले, आणि ते कोणत्याही लॅटिन शब्दापेक्षा जास्त सांगते.

जिवाणू खतांसारख्या जैविक उत्पादनांत लॅटिन नाव सूक्ष्मजीवाचे असते, कंपनीचे नव्हे. ब्रँडला लॅटिन वळणाचे शेपूट लावणे म्हणूनच चुकीचे. शेतकरी त्यालाच जिवाणूचे नाव समजतो. हरभऱ्याला मेझोरायझोबियम सायसेरी लागतो, सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. दोन्ही पाकिटांवर नुसते ‘रायझोबियम’ लिहिले आणि बीजप्रक्रियेच्या वेळी अदलाबदल झाली, तर त्या जिवाणूंमुळे सोयाबीनच्या मुळांवर हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या गाठी येत नाहीत.