भामटा आणि पोरगं: 'द किड' वेगळा, 'पेपर मून' वेगळा

दादरला सिनेमावेड्या मंडळींत 'तो कृष्णधवल सिनेमा, भामटा आणि अनाथ पोरगं' असा विषय निघाला की निम्म्यांना 'द किड' आठवतो, निम्म्यांना 'पेपर मून'. मग एकातला प्रसंग दुसऱ्याच्या नावावर खपतो.

'द किड' १९२१चा, चॅप्लिनचा मूकपट. त्यातलं पोरगं खरं तर अनाथ नाहीच. आईने नाइलाजाने सोडलेलं आहे आणि तीच पुढे नामांकित नटी होते. लबाडीही पोटापुरती: पोराच्या भूमिकेतला जॅकी कूगन दगड मारून काच फोडतो आणि काचा बसवून देणारा चॅप्लिन नव्या काचा खांद्यावर घेऊन नेमका त्याच गल्लीत हजर. पण हा माणूस आधी बाप आहे, मग भामटा. पोराला अनाथालयात न्यायला गाडी येते तेव्हा तो छपरांवरून धावत सुटतो, ते पाहताना आजही घसा दाटतो.

'पेपर मून' १९७३चा, पीटर बोगदानोविचचा. तेव्हा सगळीकडे रंगीत सिनेमे होते. हा मुद्दाम कृष्णधवल केला. गोष्ट १९३०च्या दशकातल्या मंदीच्या काळातल्या अमेरिकेतल्या कॅन्ससची. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने कॅमेऱ्याला लाल फिल्टर लावायला सांगितलं, त्यामुळे आभाळ गडद आणि माळरान आणखी ओसाड दिसतं. यातला भामटा मोझेस विधवांना गाठून 'तुमच्या नवऱ्याने मागवलं होतं' म्हणत बायबल खपवतो. आई गेलेली नऊ वर्षांची अॅडी त्याच्या गळ्यात पडते, आणि खरा फरक इथेच आहे. ही मुलगी त्याच्या हाताखालची नाही, भागीदार आहे, आणि धंद्यात त्याच्यापेक्षा तरबेज. श्रीमंत घर दिसलं की किंमत चढवते. दारात कच्चीबच्ची दिसली की पैसे आधीच भरलेत म्हणून मोकळी होते. वाढदिवसाचा मजकूर लिहिलेली वीसची नोट आधी दुकानाच्या गल्ल्यात जाते. मग अॅडी पाचची नोट देते आणि रडते, 'मी वीसची दिली होती, त्यावर मावशीने लिहिलंय!' गल्ला उघडला की नोट सापडतेच. मोझेस तिचा बाप आहे की नाही, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. तिला मात्र त्याने तिच्या नावावर उकळलेले आपले २०० डॉलर हवे आहेत, आणि माझ्या मते तिची सगळी माया त्या तगाद्यातच आहे.

पडद्यावरचे हे दोघे, रायन आणि टेटम ओ'नील, खरे बापलेक. टेटमला या भूमिकेसाठी दहाव्या वर्षी ऑस्कर मिळालं.

घरात लहान मुलं असतील तर आधी 'द किड' दाखवा. 'पेपर मून'मधली अॅडी बिनधास्त सिगारेट ओढते, तेव्हा तो जरा मोठं झाल्यावर.