यूआरएल पाथ-संघर्ष

वेबसाइट बनवणाऱ्याने निवडलेला पाथ (वेबपत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये, साइटच्या नावानंतर येणारा भाग) आणि वेब सर्व्हरने स्वतःच्या कामासाठी आधीच अडवून ठेवलेला पाथ एकच निघाला की होणारा घोटाळा. फाइल जागेवर असते, परवानग्या ठीक असतात, लिंकमध्ये चूक नसते. तरी ब्राउझरला ४०४ (सापडले नाही) किंवा ४०३ (परवानगी नाही) हा एरर मिळतो, नाहीतर भलतीच फाइल उघडते. विनंती वेबसाइटपर्यंत पोहोचण्याआधीच दुसऱ्याच कुणीतरी तिला उत्तर दिलेले असते.

यूआरएलमधला पाथ फोल्डरच्या पत्त्यासारखा दिसतो, म्हणून तो फोल्डरचाच पत्ता आहे असे वाटते. प्रत्यक्षात सर्व्हर आधी आपले नियम चाळतो: एलियास (पाथ दुसऱ्या फोल्डरकडे वळवणारा), रीराइट (पाथ बदलणारा), प्रॉक्सी (विनंती दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवणारा). त्यातला एकही लागू पडला नाही, तरच तो पाथ डॉक्युमेंट रूटला, म्हणजे साइटच्या मुख्य फोल्डरला, जोडून फाइल शोधायला जातो. त्यामुळे ‘फाइल कुठे आहे’ यापेक्षा ‘आधी कोण बोलतो’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सर्वांत जुने आणि अजूनही लोकांना चकवणारे उदाहरण अपाची या वेब सर्व्हरच्या ‘/आयकॉन्स/’ या पाथचे आहे. फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवताना प्रत्येक नावापुढे जे छोटे चित्र येते, ती चित्रे सर्व्हरच्या स्वतःच्या फोल्डरात असतात. मूळची ती मोझॅक ब्राउझरसाठी काढलेली. डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींवर ‘/आयकॉन्स/’ हा पाथ एलियासने त्या फोल्डरकडे वळवलेला असतो. आता एखाद्याने आपल्या साइटमध्ये त्याच नावाचे फोल्डर करून त्यात लोगो ठेवला, तर लोगो दिसत नाही. त्यातही गंमत अशी, की शेवटच्या तिरक्या रेघेशिवाय ‘/आयकॉन्स’ मागितले तर तो एलियास लागू होत नाही. सर्व्हरला साइटचेच फोल्डर सापडते, तो शिस्तीत रेघ जोडून ब्राउझरला पुन्हा पाठवतो आणि परत आलेली विनंती एलियासच्या तावडीत सापडते.

इथे बहुतेक जण ‘.एचटीॲक्सेस’ या, फोल्डरपुरते नियम देणाऱ्या फाइलमध्ये नियम लिहून पाहतात. त्याचा काही उपयोग होत नाही. ती फाइल विनंती ज्या फोल्डरकडे वळली त्या फोल्डरात आणि त्याच्या वरच्या फोल्डरांत शोधली जाते. विनंती साइटच्या फोल्डरात आलेलीच नसल्याने तिथली फाइल कुणी वाचतच नाही. सर्व्हरचे कॉन्फिगरेशन हाती असेल तर काम दोन मिनिटांचे: व्हर्च्युअल होस्टमध्ये (कॉन्फिगरेशनच्या त्या साइटपुरत्या भागात) त्याच पाथचा एलियास साइटच्या फोल्डरकडे द्यायचा. व्हर्च्युअल होस्टमधले एलियास मुख्य कॉन्फिगरेशनच्या आधी तपासले जातात. शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला असतो तिथे) मात्र फोल्डरचे नाव बदलून मोकळे व्हावे, हेच शहाणपणाचे.

‘/सीजीआय-बिन/’ ही सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठीची अशीच जुनी राखीव जागा. डेबियनवर एका साध्या पॅकेजसोबत ‘/जावास्क्रिप्ट’ असा एलियास येतो आणि काल चालणारी साइट आज स्क्रिप्टविना उघडते.

वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संघर्ष वेगळ्या वाटेने येतो. त्याचा नेहमीचा रीराइट नियम सांगतो: मागितलेल्या नावाची खरी फाइल किंवा खरे फोल्डर नसेल, तरच विनंती ‘इंडेक्स.पीएचपी’कडे, म्हणजे वर्डप्रेसच्या मुख्य फाइलकडे, द्या. समजा, कॉलेजच्या साइटवर ‘/ॲडमिशन/’ नावाचे पान आहे आणि कुणीतरी एफटीपीने (फाइली थेट सर्व्हरवर चढवण्याच्या पद्धतीने) त्याच नावाचे फोल्डर करून त्यात माहितीपत्रकाच्या पीडीएफ टाकल्या. खरे फोल्डर सापडल्यामुळे नियम बाजूला होतो, फोल्डरात इंडेक्स फाइल नसते, यादी दाखवायला बंदी असते, आणि पानाऐवजी ४०३ येतो. ‘पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची मांडणी) पुन्हा सेव्ह करा’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. इथे तो निरुपयोगी आहे. याच नियमाची उलटी बाजूही आहे. ‘/सर्व्हर-स्टेटस’ नावाची खरी फाइल नसते, म्हणून सर्व्हरची सद्यस्थिती दाखवणारे ते पान मागितले तर वर्डप्रेस मध्येच तोंड घालून स्वतःचे ४०४ दाखवते. तेवढा एक पाथ रीराइटच्या अटीतून वगळावा लागतो.

एंजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरचे तर्कशास्त्र निराळे. तिथे पाथच्या सुरुवातीशी सर्वांत लांब जुळणारा उपसर्ग आधी लक्षात ठेवला जातो, पण नंतर एखादी रेग्युलर एक्स्प्रेशन (चिन्हांत लिहिलेला अक्षरांचा नमुना) जुळली तर ती बाजी मारते. त्यामुळे ‘/ॲप/’खालच्या साऱ्या विनंत्या प्रॉक्सीकडे पाठवल्या असूनही ‘.पीएनजी’ने संपणारा पत्ता चित्रांसाठी लिहिलेल्या नियमाकडे जातो आणि ॲपने तयार केलेला आलेख तेवढा दिसत नाही. उपसर्गाआधी ‘^~’ हे चिन्ह दिले की पुढचा शोध थांबतो.

निदानाची सुरुवात एररच्या पानाच्या चेहऱ्यापासून करावी. साइटच्या मेन्यूसकट ४०४ आला तर विनंती साइटपर्यंत पोहोचली आहे. पांढऱ्या पानावर दोन काळ्या ओळी आल्या तर बहुधा सर्व्हरच बोलतो आहे. मग एरर लॉग, म्हणजे सर्व्हरची चुकांची नोंदवही, पाहावा. त्यातल्या ‘फाइल नाही’ या ओळीत सर्व्हरने नेमके कुठे शोधले तो पूर्ण पत्ता असतो, आणि अनोळखी फोल्डर दिसले की चोर सापडला. मात्र अपाची २.४ मध्ये ही ओळ ‘इन्फो’ (साधी माहिती) पातळीवर नोंदली जाते आणि नेहमीची पातळी ‘वॉर्न’ (इशारे आणि त्याहून गंभीर) असते, म्हणून लॉग कोरा दिसतो. पातळी तात्पुरती वाढवावी लागते. तपासणी ब्राउझरऐवजी कर्ल या, ब्राउझरविना पान मागवणाऱ्या आज्ञेने करावी. ब्राउझर ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचे उत्तर) लक्षात ठेवतो आणि दुरुस्ती झाल्यावरही जुन्याच वाटेने जातो.

संघर्षासारखाच दिसणारा, पण संघर्ष नसलेला एक प्रकार मराठी फाइलनावांत भेटतो. ‘वऱ्हाड’मधला ऱ एकाच युनिकोड चिन्हाने लिहिता येतो, र आणि नुक्ता (खालचे टिंब) अशा दोन चिन्हांनीही, किंवा र, हलन्त आणि जोडणाऱ्या अदृश्य चिन्हाने. डोळ्यांना तिन्ही सारखे, लिनक्सला तीन वेगळी नावे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-प्रणाली असे अक्षर फोडूनच साठवत असे. तिथून चढवलेले चित्र लिंकशी जुळत नाही आणि दोष सर्व्हरवर येतो.

पाथवरून होणारे हे वाद टाळण्यासाठी ‘/.वेल-नोन/’ हा पाथ २०१० मध्ये आरएफसी ५७८५ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने सर्वांसाठी राखून ठेवला. २०१९ मध्ये त्याची जागा आरएफसी ८६१५ ने घेतली. लेट्स एन्क्रिप्ट ही साइटना सुरक्षा-प्रमाणपत्रे देणारी संस्था एचटीटीपी पद्धतीने प्रमाणपत्र देताना, साइट खरोखर मागणाऱ्याच्या ताब्यात आहे का हे पाहायला, याच पाथवर खूण तपासते. पण टिंबाने सुरू होणाऱ्या सगळ्या फोल्डरांना सुरक्षेसाठी बंदी घालणारा नियम अनेक कॉन्फिगरेशनमध्ये सर्रास चिकटवलेला असतो, आणि राखीव पाथही त्यात अडकतो. प्रमाणपत्राचे नूतनीकरण हुकले की मगच तो नियम कुणाला तरी आठवतो.