कुत्र्याच्या नखांचा रंगबदल

कुत्र्याच्या नखाचा मूळ रंग जाऊन ते तपकिरी, लालसर, काळे किंवा पांढुरके दिसू लागणे. नख केराटिन या कठीण प्रथिनाचे बनते आणि त्याचा रंग मुळाशी तयार होणाऱ्या मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. कुत्र्याला साधारण १८ नखे असतात : पुढच्या पंजांना अंगठ्यासह पाच-पाच, मागच्यांना चार-चार. एकाच पंजात काळे व पांढरे नख शेजारी असणे हा दोष नव्हे. पिल्लाची फिकट नखे वाढत्या वयात गडद होतात, तेही नैसर्गिकच. फिकट नखात गुलाबी दिसते ती जिव्हाळी, म्हणजे रक्तवाहिन्या व चेतातंतूंचा जिवंत भाग. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून नखे कापताना रक्त येते ते बहुधा तिथेच.

रंग बदललेला दिसला की आधी दोन गोष्टी पाहाव्यात : किती नखे बदलली, आणि रंग टोकाशी आहे की मुळाशी. नागपुरात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल नखांना धरतो. तो कोमट पाण्याने निघतो. जखमेवर लावलेली हळद नखे पिवळी करते, पोटॅशियम परमँगनेटचे पाणी तपकिरी. हे डाग वरवरचे. पांढऱ्या पायांवर गंजासारखा लालसर रंग चढला असेल, तर कुत्रा पाय चाटत असतो. लाळेतील पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे तो रंग येतो. मात्र तपकिरी रंग मुळाकडे असेल, बोटांच्या बेचक्यात वास आणि चिकटपणा असेल, तर मॅलॅसेझिया या यीस्टचा संसर्ग संभवतो. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत तो फोफावतो, आणि त्याच्या मुळाशी अनेकदा ॲलर्जी असते. नुसते पाय धुऊन ती जात नाही.

मार लागून नखाखाली रक्त साकळले तर एकच नख काळे-जांभळे होते. नख आठवड्याला साधारण १ ते २ मि.मी. वाढते, त्यामुळे हा डाग हळूहळू टोकाकडे सरकतो. असे सरकणे हे चांगले लक्षण.

काही आठवड्यांच्या अंतराने वेगवेगळ्या पंजांतील नखे सैल होऊन गळू लागली, खालून तपकिरी स्राव आला आणि नवी नखे ठिसूळ, वेडीवाकडी उगवली, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा नखांच्या मुळांवर उलटल्याचा संशय घेतात. जर्मन शेफर्डमध्ये हा विकार विशेष आढळतो. कुत्रा लंगडतो, पंजाला हात लावू देत नाही; ते हट्टीपणाने नव्हे, वेदनेने. उपचार कित्येक महिने चालतात. रॉटवायलरसारख्या काही जातींत कोड होऊन नाक-ओठांबरोबर नखेही पांढरी पडतात. त्याचा त्रास नसतो.

सर्वांत गंभीर खूण म्हणजे वयस्क कुत्र्याचे एकच बोट सुजणे आणि त्याचे नख काळवंडणे किंवा निखळणे. विशेषतः काळ्या, थोराड कुत्र्यांत हा नखमुळाचा कर्करोग असू शकतो. तो जंतुसंसर्गासारखाच दिसतो, आणि गोळ्यांचे कोर्स बदलण्यात मोलाचे महिने जातात. अशा बोटाचा एक्स-रे काढून हाड झिजले आहे का हे पाहतात, तुकडा तपासतात आणि गरज पडल्यास बोट काढतात. एका बोटावाचून कुत्रा सहसा नीट चालू लागतो. नागपुरात सेमिनरी हिल्सवर १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नख आपोआप गळून पडले तर ते फेकू नये, स्वच्छ डबीत घालून सोबत न्यावे. तपासणीला ते उपयोगी पडते.