न्यूयॉर्कच्या पोलीस ठाण्यांचा हिशेब

1990 साली न्यूयॉर्कमध्ये 2,200 हून अधिक खून झाले. महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी मोठी पोलीस भरती मंजूर करून घेतली आणि गुन्हे हळूहळू उतरूही लागले. या कामाचं श्रेय डिंकिन्स यांना फारसं मिळालं नाही, हा अन्यायच आहे. मात्र पोलीस खातं चालवण्याची रीत बदलली ती 1994 मध्ये.

त्याआधी गुन्ह्यांचे आकडे मुख्यालयात जमायचे ते मुख्यतः एफबीआयला पाठवण्यापुरते, तेही कित्येक महिने उशिरा. 1970 च्या दशकात नॅप आयोगाने पोलिसांची हप्तेखोरी चव्हाट्यावर आणली होती. तेव्हापासून वरिष्ठांनी गुन्ह्यांपेक्षा बदनामीची धास्ती जास्त घेतली. ठाणे प्रमुखाच्या हाताखाली गस्तीचे पोलीस असायचे. तपास पथकं आणि अमली पदार्थविरोधी पथकाचे साहेब वेगळे. हद्दीत लुटालूट वाढली तर जाब कोणाला विचारायचा?

भुयारी रेल्वेच्या पोलिसांत जॅक मेपल नावाचे लेफ्टनंट होते. त्यांनी 55 फूट लांब भिंतीवर नकाशे लावून स्थानकांवरची प्रत्येक लूटमार रंगीत खडूने नोंदवली होती. रुडी ज्युलियानी महापौर झाले, त्यांनी विल्यम ब्रॅटन यांना आयुक्त नेमलं आणि ब्रॅटन यांनी मेपलना उपायुक्त केलं. त्यातून ‘कॉम्पस्टॅट’ बैठका सुरू झाल्या. सकाळी ठाणे प्रमुखाला सगळ्यांसमोर उभं करायचं, पडद्यावर त्याच्या हद्दीचा ताजा नकाशा दाखवायचा आणि विचारायचं: या कोपऱ्यावर गोळीबार वाढलेत, तुम्ही काय केलंत? तपास पथकांचे साहेबही समोरच बसलेले, त्यामुळे एकमेकांवर ढकलायची सोय उरली नाही. ज्यांना उत्तरं देता आली नाहीत, अशा अनेकांच्या खुर्च्या गेल्या.

1998 पर्यंत खून 650 च्या खाली आले. क्रॅक कोकेन या अमली पदार्थाची लाट ओसरत होती आणि गुन्हे देशभरच घटत होते, हेही खरं.

याच आकड्यांच्या दडपणाखाली काही ठाण्यांत गंभीर गुन्हे किरकोळ म्हणून नोंदवले गेल्याचं पुढे उघडकीस आलं. रस्त्यात अडवून झडती घेण्याचं प्रमाणही बेसुमार वाढलं: 2011 मध्ये सुमारे 6 लाख 85 हजार वेळा लोकांना अडवलं गेलं. त्यात भरडले गेले ते मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण. दहापैकी जवळजवळ नऊ जण निर्दोष म्हणून सोडून द्यावे लागले. 2013 मध्ये फेडरल न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. झडत्या झपाट्याने कमी झाल्या, कॉम्पस्टॅट चालूच राहिलं आणि 2017 मध्ये खुनांचा आकडा 300 च्या आत आला.